बोरच्या पाण्याचे पांढरे डाग गाडीच्या रंगावरून कसे काढायचे

नवी गाडी दारात येते, पूजेचं कुंकू उतरायच्या आत बॉनेटवर पांढरे गोल डाग दिसायला लागतात. ओली असताना गाडी चकाचक, वाळली की डाग परत हजर. यावर सल्ला देणारे गावात पायलीचे पन्नास. कुणी डिझेलचा फडका मारायला सांगतो, कुणी टूथपेस्ट, कुणी लिंबाची साल. माझी गाडी काळी, बोर अंगणातच आणि गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे तिन्ही बाजूंनी बोंब. बरंच घासून-पुसून झाल्यावर जो क्रम हाती लागला, तो इथं सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात ठेवा. डाग रंगावर बसलाय की रंगात उतरलाय, हे ओळखल्याशिवाय घासायला हात लावू नका. आणि नेहमी सगळ्यात सौम्य उपायापासून सुरू करा. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला पेंटर लोक क्लिअर कोट म्हणतात, घासून गेला की परत येत नाही.

१. डाग आला कुठून ते शोधा

बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. थेंब पत्र्यावर पडतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही, तिथं थेंब बघता बघता सुकतो. सुकताना क्षार थेंबाच्या कडेकडे ओढले जातात, म्हणून डाग बांगडीसारखा दिसतो, मधे फिका आणि कडेला ठळक. पाण्यातला चुन्याचा भाग असा एकदा कार्बोनेट होऊन बसला, की नुसत्या पाण्यानं सुटत नाही. गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो, तोच हा.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, चुन्याबरोबर मिठाचाही भाग असतो. मीठ गोड्या पाण्यानं निघून जातं, चुना अडून बसतो. म्हणून या पट्ट्यातल्या मंडळींनी आधी फक्त गोड्या पाण्यानं गाडी नीट धुऊन पाहावी. बरंचसं पांढरं तिथंच जातं आणि पुढची निम्मी मेहनत वाचते.

तुमचं पाणी किती जड आहे, ते घरातच कळतं. तूरडाळ शिजत नसेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर तेच पाणी गाडीवर डाग पाडणार. आकडा हवा असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं मीटर काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कडकपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे नियमानं पिण्याजोगं ठरलेलं पाणीही गाडीवर डाग पाडू शकतं. ‘आम्ही तर हेच पितो’ हा युक्तिवाद बॉनेटला पटत नाही.

धुण्याच्या पाण्याशिवायही डाग येतात, आणि लोक हेच विसरतात. हरभऱ्याला तुषार, म्हणजे पाणी फवारणारे स्प्रिंकलर, लावलेले असतात, शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, मोटरीला ऑटो स्टार्टर. गाडी धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, लावून तुम्ही घरी आलात की मध्यरात्री लाईन येते, नोझल फिरतात, आणि सकाळचं ऊन उरलेलं काम करून टाकतं. एका बाजूच्या दारांवरच, ओळीत पडल्यासारखे डाग असतील तर संशय तुषारवर घ्या.

दुसरा गुन्हेगार कूलर. खिडकीबाहेर कूलर आणि त्याच्या शेजारी गाडी, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी. कूलरमध्ये तेच पाणी ताट्यांवरून, म्हणजे बाजूच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्यांवरून, फिरत राहतं. पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, वरून आपण पुन्हा बोरचं पाणी भरतो. उन्हाळा सरत आला की ताट्यांवर पांढरी खरपुडी दिसते ना, तेवढं दाट पाणी शिंतोड्यांनी गाडीवर येत असतं. असे डाग बोरच्या साध्या डागांपेक्षा लवकर रंगात उतरतात.

नव्या स्लॅबमधून झिरपणारं पाणी सगळ्यात वाईट. त्यात सिमेंटमधला चुना उतरलेला असतो आणि ते चांगलंच अल्कधर्मी असतं. नव्या बांधकामाखाली गाडी लावूच नका. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना आणखी एक नमुना माहीत असेल, निळसर पांढरे ठिपके. ते बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुना. फवारा चालू असताना गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला होती, एवढाच त्याचा अर्थ.

२. बसलेला की उतरलेला, ते ओळखा

संध्याकाळी, पत्रा गार झाल्यावर पाहा. दुपारच्या उन्हात सगळंच चमकतं, काही कळत नाही. धुतलेल्या बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च अगदी तिरका धरा आणि डोळे खाली आणा. बसलेल्या डागाची कड वर उठलेली दिसते आणि तिला खडूसारखा पांढरा रंग असतो. उतरलेल्या डागात पांढरेपणा कमी असतो. तिथं प्रकाश मोडल्यासारखा दिसतो, पत्र्यात उथळ खळगा पडल्यागत.

हाताला एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर लागली तर वर काहीतरी बसलेलं आहे. नखानं खरवडून पाहायचा मोह आवरा.

पक्का निकाल मात्र पाचव्या पायरीनंतरच लागतो. आंबट पाण्यानं पांढरं गेलं आणि तरी त्याच जागी वर्तुळाची सावली उरली, तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे. ती सावली कितीही धुतली तरी जाणार नाही.

हा थर किती पातळ असतो, तेही समजून घ्या, म्हणजे हात आपोआप हलका होईल. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्राइमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे तुमचा सगळा क्लिअर कोट एका केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवणारे घटकही याच थरात असतात.

काही जुन्या गाड्यांवर, मालवाहू गाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर क्लिअर कोट नसतोच, नुसता रंग असतो. एखाद्या झाकल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर क्लिअर कोट नाही. अशा गाडीला मशीन लावू नका, हातानंच काम करा.

३. सामान जमवा

तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक सगळं मिळतं. क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेलं उचलणारा मऊ मातीसारखा गोळा, आणि चांगलं पॉलिश ऑनलाइन मागवावं लागेल.

– पांढरं व्हिनेगर. किराण्यात किंवा चायनीजवाले जिथून सामान घेतात तिथं मिळतं. बाटलीवर ॲसिटिक ॲसिड ४ ते ५ टक्के असं लिहिलेलं पाहा. रंगीत किंवा सॉसवालं नको.
– व्हिनेगर नसेल तर लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड.
– गाडीचा शाम्पू. भांड्याची पावडर, कपड्याची पावडर नाही.
– दोन बादल्या.
– मायक्रोफायबरचे पाच-सहा फडके, एक मोठा टॉवेल.
– क्ले बार.
– फिनिशिंग पॉलिश आणि मध्यम कटचं कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट. फोमचे हातानं वापरायचे पॅड.
– मास्किंग टेप.
– आरओचे २० लिटरचे दोन कॅन. गावात आरओ प्लांट असेल तर सोपं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरही चालतं, पण तिथंच बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं. लेबल वाचूनच घ्या.
– रबरी हातमोजे आणि साधा चष्मा.

गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी पुस्तकातलं रंगाविषयीचं पान आधी वाचा. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा जास्तीचा संरक्षक थर, केलेलं असेल तर त्याचं कार्ड काढून ठेवा. बाहेर पॉलिश केलं तर कोटिंगची हमी जाते का, ते त्या दुकानात विचारून घ्या, कारण पॉलिशनं कोटिंगही निघतं.

घरात जे आधीच पडलेलं असतं त्यातलं काय वापरायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. फरशीचं ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर गाडीजवळसुद्धा आणू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुना तर खातंच, पण क्रोम, ॲल्युमिनियम आणि खालचा उघडा पत्राही खातं. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, ती डागाभोवती बारीक ओरखड्यांचं जाळं पाडते. आणि डिझेल. वॉशिंग सेंटरवरचा पोरगा म्हणतो, “डिझलचा हात मारून देतो भाऊ, पाहा कशी चमकते ते.” चमकतेच, कारण तेलाच्या थराखाली डाग दिसेनासा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर रस्त्याची धूळ बसते आणि रबराच्या पट्ट्याही खराब होतात.

४. गार पत्रा, सावली, आणि गोडं पाणी

काम सकाळी सहाच्या सुमारास सुरू करा. उन्हाळ्यात नऊनंतर पत्र्याला हात लावू नका. हिवाळ्यात थोडी सूट आहे. सावली शेडची हवी. कडुनिंबाखाली गाडी लावली तर धुता धुता वरून पाखरं शिटतात, पानं-काड्या पडतात. गोठ्याजवळ धूळ आणि भुसा उडतो. शहाबादी फरशीवर हे काम करणार असाल तर आंबट पाणी खाली सांडू देऊ नका. तो दगड चुनखडीचा आहे, त्यावर कायमचे पांढरे चट्टे पडतील. गाडीचे डाग अंगणात आणून ठेवण्यात अर्थ नाही.

आधी भरपूर पाणी ओतून धूळ खाली जाऊ द्या. काळ्या मातीची वाळलेली धूळ फडक्यानं पुसली की बारीक चरे पडतात. गळ्यातल्या दुपट्ट्यानं काच-बॉनेट पुसायची आपली सवय हेच चरे पाडते. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडका शाम्पूत बुडवायचा, वरून खाली धुवायचं, साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. छत आधी, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी.

हे सगळं बोरच्या पाण्यानं केलं तरी चालेल, फक्त ते गाडीवर सुकू देऊ नका. एक बाजू धुतली की लगेच पुढच्यावर जाण्याआधी तिच्यावर पुन्हा पाणी मारा. शेवटचं पाणी मात्र आरओचं. त्यासाठी तांब्या-बादलीपेक्षा हातपंपाचा छोटा स्प्रेअर बरा, कमी पाण्यात काम होतं. घरचा फवारणी पंप मात्र वापरू नका. कितीही धुतला तरी त्यात तणनाशकाचा आणि कीटकनाशकाचा अंश राहतो. पंप गाडीसाठी नवीन आणि वेगळाच ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘गाडी’ लिहा, नाहीतर हंगामात कुणीतरी तो वावरात नेईलच.

५. आंबट पाणी: खरा उपाय इथं आहे

बहुतेक गाड्यांचं काम या पायरीवर संपतं, म्हणून इथं घाई करू नका.

एक भाग व्हिनेगर, एक भाग आरओचं पाणी. लिंबूसत वापरणार असाल तर एक लिटर पाण्यात साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, पूर्ण विरघळवून घ्या. खडा राहिला तर तो ओरखडा काढेल. हातमोजे आणि चष्मा घाला. हे पाणी ब्लीचिंग पावडरच्या बादलीत किंवा तिच्याजवळ कालवू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो छातीला घातक असतो. आपल्याकडे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि गाडी धुवायची बादली एकाच कोपऱ्यात असतात, म्हणून सांगतो.

आधी एखाद्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी थोडं लावून पाहा. काही झालं नाही तर एका वेळी हातभर जागा घ्या. फडका या पाण्यात भिजवून हलका पिळा आणि डागांवर नुसता अंथरून ठेवा. घासायचं नाही. मिनिटभरानं उचला. डाग ताजा आणि जाड असेल तर कान जवळ नेल्यावर बारीक चुरचुर ऐकू येते, थेंबाच्या कडेला बुडबुडे दिसतात. ते चुन्याचं विरघळणं आहे, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. बुडबुडे थांबले, की त्याच फडक्यानं एकाच दिशेनं हलकेच पुसा आणि आरओच्या पाण्यानं धुवा.

डाग उरला तर पुन्हा तेच. दोनदा, तीनदा करा, पण दर वेळी दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि पाणी वाळू देऊ नका. वाळलेलं आंबट पाणी स्वतःचा डाग पाडतं. एक लिंबू कापून सरळ बॉनेटवर चोळणारे नेमकं हेच करतात, रस उन्हात वाळतो आणि एकाच्या जागी दोन डाग दिसतात. व्हिनेगर जास्त घट्ट करून वेळ वाचवायचा प्रयत्नही करू नका. इथं काम वेळ करते, जोर नाही.

संपूर्ण भाग झाला की पुन्हा शाम्पूनं धुवा, म्हणजे कोपऱ्यात, दाराच्या फटीत ॲसिड उरत नाही. लक्षात ठेवा, या पायरीनं गाडीवरचं जुनं मेणही निघून जातं. त्यामुळे काम अर्ध्यावर सोडून गाडी पुन्हा तुषारजवळ लावू नका.

आता पुन्हा तिरका टॉर्च. सावली उरली नसेल आणि पिशवीला खरखरही लागत नसेल तर सहावी आणि सातवी पायरी सोडा, सरळ नवव्यावर या.

६. क्ले

प्लास्टिकच्या पिशवीला अजून खरखर लागत असेल तर क्ले लावा. क्ले वरचं चिकटलेलं उचलतं, खळगा भरत नाही. एवढं कळलं की त्याच्याकडून नको ती अपेक्षा राहत नाही.

लिंबाएवढा तुकडा मळून चपटा करा. पत्र्यावर शाम्पूचं पातळ पाणी भरपूर मारा आणि क्ले बोटांच्या टोकांनी, न दाबता, सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला अडकत जातं, मग एकदम घसरायला लागतं. तिथं काम झालं. तुकडा उलटा करून पाहाल तर तपकिरी रेघा दिसतील. तो दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा फेकून द्या, कितीही महाग वाटला तरी. त्यात रुतलेला रेतीचा एक कण अख्खं बॉनेट चरत नेतो.

७. पॉलिश: फक्त उरलेल्या सावलीसाठी

रंगात उतरलेला डाग काढणं म्हणजे डाग काढणं नसतंच. डागाभोवतीचा क्लिअर कोट खळग्याच्या बुडापर्यंत खाली आणायचा असतो. खळगा उथळ असेल तर हे जमतं, खोल असेल तर करू नये. एवढं मान्य असेल तरच पुढं वाचा.

आधी एक फूट बाय एक फूट जागा निवडा. भोवती मास्किंग टेप लावा. पत्र्याच्या उठावाच्या रेषांवर, बॉनेटच्या कडांवर आणि हँडलभोवतीही टेप लावा. कडेला रंग मुळातच पातळ असतो आणि तिथूनच सगळ्यात आधी उघडा पडतो. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब फिनिशिंग पॉलिश घ्या. आधी आडवं, मग उभं, सारख्या दाबानं फिरवा. पॉलिश पातळ होऊन पारदर्शक झालं की स्वच्छ फडक्यानं पुसा.

इथं एक मोठी फसगत असते. पॉलिशमधलं तेल खळग्यात भरून बसतं आणि डाग गेल्यासारखा दिसतो. म्हणून निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून जागा पुसा आणि मगच टॉर्च लावा. मेडिकलमध्ये ते मिळतं. ‘रबिंग मारून देतो, नवी होऊन जाईन’ म्हणणाऱ्या दुकानातून चकचकीत होऊन आलेल्या गाड्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला तेच डाग परत उमटतात, त्याचं कारण हे तेलच.

फिनिशिंग पॉलिशनं नाही गेलं, तर तेवढ्याच जागेत मध्यम कंपाउंड वापरा आणि त्यानंतर पुन्हा फिनिशिंग पॉलिश. कंपाउंडनं पडलेला धूसरपणा त्यानं जातो. त्या एका फुटाच्या जागेवर जे जमलं, तेच आणि तेवढंच बाकी गाडीवर करा. हातानं केलेल्या पॉलिशमध्ये क्लिअर कोट अगदी थोडा जातो. म्हणूनच नवशिक्यानं हातानंच सुरुवात करावी, हात दुखला तरी.

मशीन घ्यायचंच असेल तर ड्युअल ॲक्शन घ्या. त्याचं पॅड फिरता फिरता हलतंही, त्यामुळे एका जागी ताव धरत नाही. वेल्डिंगवाल्याकडचं ग्राइंडर किंवा ड्रिलला लोकरीचं टोपडं लावून केलेलं बफिंग नको. ते एकाच जागी गरगर फिरतं आणि डोळ्यांदेखत रंग जाळतं. प्लास्टिकच्या बंपरवर तर जास्तच जपा, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही. आणि व्होल्टेज वर-खाली होत असेल त्या वेळी मशीन लावू नका. अर्ध्या पॅनेलवर लाईन गेली की पॉलिश तिथंच वाळतं.

८. कुठं थांबायचं

कंपाउंडचे दोन हात देऊनही टॉर्चमध्ये खळगा दिसतो, पण हातभर लांबून उभ्या माणसाला दिसत नाही, तर तिथं थांबा. दोन-चार फिक्या सावल्या घेऊन गाडी वर्षानुवर्षं चालते. क्लिअर कोट गेलेली गाडी मात्र आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत पांढुरकी पडून सोलायला लागते.

नखाला अडकेल इतका खोल खळगा असेल तर पॉलिशचा उपयोग नाही. त्याला २००० किंवा ३००० नंबरच्या पाण्याच्या पेपरनं, म्हणजे अगदी बारीक सँडपेपरनं, ओलं घासून मग कंपाउंड करतात. हे काम घरी करू नका. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्या, पण गाडी देण्याआधी तीन गोष्टी विचारा. रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का? मशीन कुठलं वापरता? घासल्यावर अल्कोहोलनं पुसून दाखवाल का? पहिल्या प्रश्नालाच ‘नजरेनं कळते आम्हाला’ असं उत्तर आलं, तर चहा घेऊन परत या. ज्या गाडीचं आधीच दोनदा रबिंग झालंय, तिला मीटरशिवाय हातच लावू देऊ नका. कधी कधी एकच पॅनेल नव्यानं रंगवणं स्वस्त आणि शहाणपणाचं असतं.

काचेचं थोडक्यात. काचेवरचे डाग आधी याच आंबट पाण्यानं काढा. नाही गेले तर सिरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून फोमनं चोळा, ती काचेसाठीच असते. रंगावर लावू नका. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पॉलिश लागलं तर पांढरं पडतं आणि निघता निघत नाही, म्हणून तिथं आधीच टेप.

९. पाणी बदला, नाहीतर सगळं पुन्हा

डाग गेल्यावर गाडी पूर्ण कोरडी करून मेण किंवा सीलंट, म्हणजे मेणासारखाच थर धरणारं तयार रसायन, लावा. मेण आपल्या उन्हाळ्यात फार दिवस टिकत नाही, सीलंट जास्त टिकतं. मार्चमध्ये सीलंट लावलं तर सगळ्यात वाईट महिने निभतात. सिरॅमिक कोटिंग केलं की डाग पडत नाहीत, हे मात्र अर्धसत्य आहे. कोटिंगवर पाण्याचे थेंब टपोरे उभे राहतात आणि पुसले नाहीत तर तसेच जागेवर सुकतात. डाग रंगापर्यंत पोहोचत नाही, काढायला सोपा जातो, एवढाच फायदा.

खरी गोम धुण्याच्या शेवटच्या पाण्यात आहे. बाकी गाडी बोरच्या पाण्यानं धुवा, शेवटचे आठ-दहा लिटर आरओचे, आणि लगेच मोठ्या टॉवेलनं टिपून घ्या. टिपणं म्हणजे टॉवेल पसरून उचलणं, रगडणं नव्हे. आरशांच्या खाली, डिकीच्या फटीत, नंबर प्लेटमागे पाणी अडून राहतं आणि गाडी चालू केल्यावर ओघळतं, तिथं फडक्याचं टोक घाला. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम लावा. पहिले दोन-तीन पाऊस छताची धूळ घेऊन येतात, ते वाहू द्या. पुढचं पाणी आरओइतकंच कामाचं आणि फुकटचं.

आरओ प्लांटवर एक फसवा सल्ला मिळतो. वाया जाणारं पाणी फुकट न्या, गाड्या धुवायला चालतं म्हणतात. ते पाणी म्हणजे बोरमधले सगळे क्षार एकवटलेलं पाणी. अंगणात शिंपडा, संडासात वापरा, गाडीवर नको. वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर तिथलं पाणीही बोरचंच असणार. जाताना आपला आरओचा कॅन सोबत न्या आणि शेवटचा हात त्याचाच मारायला सांगा. पोरगं हसेल, पण मारेल. गाडी वाळायला उन्हात लावू देऊ नका.

तुषारखाली रात्रभर भिजलेली गाडी सकाळी दिसली, तर ऊन वर यायच्या आधी तिच्यावर गोडं पाणी ओता. पाणी नसेल तर ओल्या टॉवेलनं टिपा. थेंब ओला आहे तोवर तो नुसतं पाणीच असतो, त्यासाठी व्हिनेगर लागत नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून भरा, ताट्याही जास्त टिकतील. आणि गाडी कूलरपासून चार हात लांब लावा.